फळीवरची शिशी

माशी गुडघ्यावर बसली होती आणि मला ती हाकलता येत नव्हती. एवढंच झालं होतं. राइस मिलचा सकाळचा भोंगा होऊन गेला होता, खिडकीतून आलेली उन्हाची पट्टी भिंतीवर पडली होती, बाहेर नळावर कुणीतरी बादली आपटत होतं, आणि माझ्या उघड्या गुडघ्यावर एक माशी पाय घासत बसली होती. मी गुडघ्याला म्हटलं, हल. एरवी गुडघ्याला काही सांगावं लागत नाही, सांगायच्या आधीच तो हललेला असतो. आज सांगितलं, पुन्हा सांगितलं, दरडावून सांगितलं, आणि माशी आपली निवांत. केबिनमध्ये कधीकधी असं होतं. मी गोंदिया जंक्शनच्या सिग्नल-केबिनमध्ये रुळांचे आणि सिग्नलचे दांडे ओढतो. दांडा ओढावा, खालून तार सरकल्याचा आवाज यावा, आणि लांबचा सिग्नल मात्र हात आडवा धरून तसाच उभा. मग आमच्यातला कुणीतरी शिव्या घालत रुळांच्या कडेने तार तपासायला जातो. मला आज कुठे जायची गरज नव्हती. तार कुठे अडकली आहे ते मला पक्कं ठाऊक होतं. काल मी पोटभर भात खाल्ला होता.

भाताला दोष देणं आमच्या मुलखात शोभत नाही. आमच्याकडे जेवलास का असं विचारत नाहीत, भात खाल्ला का असं विचारतात. पण माझ्या अंगाला भात, त्यावर गूळ आणि त्यावर आराम या तीन गोष्टी एकत्र चालत नाहीत, आणि काल त्या तिन्ही एकाच दुपारी झाल्या. दवनीवाड्याला सासऱ्यांच्या घरी नवं होतं. शेतातलं पहिलं धान कापायचं, घरीच कांडायचं, नव्या मडक्यात शिजवायचं, देवाला दाखवायचं आणि मग सगळ्यांनी खायचं. लग्नानंतरचं पहिलं नवं असलं की पहिली पत्रावळ जावयाची. तो जेवून उठेपर्यंत घरातलं कुणी शीत तोंडात घालत नाही, आणि त्याने पानात टाकलं तर शेत रुसतं. शेत रुसतं की नाही मला माहीत नाही. उदाराम, माझे सासरे, रुसतात हे मला चांगलं माहीत होतं. ते उकिडवे बसून स्वतः वाढत होते. "घ्या ना जी जावईबापू. रेल्वेत कुठं भेटते असं धान?" दूध, गूळ, भात. पुन्हा दूध, गूळ, भात. पोट भरलं म्हणता आलं असतं. पण दाराआडून माझी बायको, धुरपता, बघत होती. सहा महिन्यांच्या संसारात तिने मला पोटभर जेवताना एकदाही पाहिलं नव्हतं, आणि तिच्या चेहऱ्यावर असा काही आनंद होता की मी तिसऱ्यांदा पत्रावळ पुढे केली. नंतर गोंदियाला परतताना निदान बैलगाडीमागून चालत यायचं, तेही नाही. 'जावई पायी आणि मी गाडीत, असं कसं चालेल' म्हणून सासऱ्यांनी मला गाडीतल्या तणसीवर, धानाच्या पेंढ्यावर, आडवं केलं. चार तास मी बैलांच्या घंटा ऐकत लोळत आलो. मूर्ख माणूस. पोटात सगळं साखरेचं ओझं आणि अंग स्वस्थ. बाजारामागच्या डॉक्टरबाबूंनी याहून वेगळं काय सांगितलं होतं?

"उठा ना जी," धुरपता आत येऊन म्हणाली. "बाबा कवाचे वाट पाहून राहिले. आज त्यायले केबिन दाखवाची होती ना तुमाले?"

"आलोच," मी म्हणालो. जीभ चालत होती. माझी जीभ कधीच बंद पडत नाही, तिथे भात काही करू शकत नाही. ती चादरीकडे बघून गेली. चादरीखालचे पाय तिला नेहमीसारखेच दिसले असणार. बिघडलेल्या माणसाचे आणि आळशी माणसाचे पाय चादरीखाली सारखेच दिसतात, आणि सहा महिने मी याच एका गोष्टीवर संसार चालवला होता.

सासऱ्यांना केबिन कशाला बघायची होती, तर त्यांच्या जावयाने दांडा ओढला की एवढी मोठी गाडी रूळ बदलते हे त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. ताकदीचं त्यांना फार. लग्न ठरवताना त्यांनी माझी जमीन विचारली नाही, पगार विचारला नाही. त्यांची थोरली मुलगी निर्मला, आम्ही तिला निर्मलाबाई म्हणतो, हिला दिली होती एका चांगल्या घरी, आणि नवरा निघाला फिटवाला. त्याच्या घरच्यांना माहीत होतं, कुणी सांगितलं नाही. दोन वर्षांनी उदाराम स्वतः गाडी जुंपून गेले आणि मुलीला घेऊन आले ते आजपर्यंत ती दवनीवाड्यालाच आहे, शेण सारवते आणि कुणाच्या लग्नात पुढे येत नाही. म्हणून धुरपतासाठी त्यांची एकच अट होती: अंगानं धड पाहिजे. मला बघायला बोलावलं आणि खळ्यावर नेलं. धानाचं भरलेलं पोतं दाखवून म्हणाले, "हे गाडीवर टाका जी." पाच-पन्नास माणसं बघत होती. मी पोतं पाठीवर घेतलं, वीस पावलं चाललो आणि गाडीत टाकलं. लोक हसले, कुणीतरी शाबास म्हणालं. त्या दिवशी पहाटे उठून मी डॉक्टरबाबूंच्या शिशीतलं औषध घेतलं होतं आणि आदल्या दिवसापासून भाताला हात लावला नव्हता, ज्वारीच्या भाकरीवर होतो. खोटं काहीच बोललो नाही. पोतं खरंच उचललं. पण गाडीत पोतं टाकून वळलो तेव्हा उदाराम माझ्याकडे असे बघत होते की मला तिथेच सगळं सांगून टाकावंसं वाटलं, आणि मी नाही सांगितलं.

पायांपाठोपाठ आता मांड्याही जड व्हायला लागल्या होत्या. दुखत नाही, हीच त्यातली वाईट गोष्ट. दुखलं असतं तर ओरडता आलं असतं. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो, नवेगाव-बांध गावी, कवडूच्या लग्नात. कवडू माझा मावसभाऊ. रात्रीचं बुंदी-भाताचं जेवण झालं, मांडवातच आडवा झालो आणि सकाळी उठता येईना. लोकांनी म्हटलं तळ्याकाठचं काहीतरी लागलं. एकाने नाकाखाली मिरच्यांचा धूर धरला. मी पडल्या पडल्या खोकत होतो, डोळ्यांतून पाणी, आणि हाताने तोंड झाकता येत नव्हतं. मावशी जवळ बसून मला पेज भरवत होती, गूळ घालून, ताकद यावी म्हणून. बिचारी. जितकी भरवायची तितका मी जमिनीत रुतत जायचो. संध्याकाळी आपोआप सुटलं. लागलेलं उतरलं म्हणून कोंबडं कापलं. त्यानंतर वर्षातून एकदा-दोनदा, कधी नुसता एक पाय, कधी चारही. गोंदियात नोकरी लागली आणि एकदा दिवाळीनंतर केबिनच्या जिन्यातच बसलो तो उठेना, तेव्हा एका गार्डने टांग्यात घालून डॉक्टरबाबूंकडे नेलं. ते बंगाली, म्हातारे, लष्करी इस्पितळातून निवृत्त होऊन बाजारामागे दवाखाना काढून बसलेले. माझं नाव जागेश्वर, ते जोगेश्वर म्हणायचे. त्यांनी रबरी हातोडीने गुडघा ठोकला, तो हलला नाही. काल काय खाल्लं ते विचारलं, आदल्या दिवाळीला काय खाल्लं तेही विचारलं, आणि एकदम त्यांच्या डोळ्यांत काहीतरी लहान मुलासारखं चमकलं. एक पांढरं मीठ पाण्यात विरघळवून त्यांनी मला पाजलं. खारट, आणि खारटाच्या मागून कडू, जिभेवर रेंगाळणारं. दीड तास खुर्ची टाकून समोर बसून राहिले, दुसरा पेशंट घेतला नाही. माझं बोट हललं तेव्हा टाळी वाजवली. "पोटॅश, जोगेश्वर! पोटॅशियम! खून में कम हो जाता है." मग अर्ध्या हिंदीत, अर्ध्या मराठीत समजावून सांगितलं: भात आणि मिठाई भरपूर खाऊन पडून राहिलं की रक्तातला हा क्षार रक्त सोडून दुसरीकडे दडून बसतो, आणि त्याच्याशिवाय स्नायूला हुकूम कळत नाही. भूत नाही, लकवा नाही. भात थोडा, गोड बंद, जेवल्यावर चालत राहायचं, आणि ही शिशी. "लेकिन याद रखो, यह शरबत नहीं है. मोजून घ्यायचं. ज्यादा लिया तो दिल रुक जायेगा." शिशीवर त्यांनी चिठ्ठी डकवली होती. मी ती शिशी छातीशी धरून घरी आलो.

ती शिशी आता समोर होती. फळीवर, कंदिलाच्या मागे, निम्म्याहून जास्त भरलेली. माझ्या डोळ्यांपासून चार हातांवर. मी ती बघत होतो आणि मला वाटत होतं की हात नुसता लांब करायचा आहे, तेवढं तर कुणीही करतं. महिन्यापासून मी तिला हात लावला नव्हता. लावायचा तर धुरपता नळावर गेलेली असावी लागे, शेजारची कुणी डोकावत नसावी लागे, तोंडाची कडू चव जायला चूळ भरावी लागे. कंटाळा आला होता. त्याआधीच्या दोन महिन्यांत काही झालं नाही तेव्हा वाटलं, गेलं असेल. कालच्या जेवणाआधी तरी घ्यायला हवं होतं, पण नव्यासाठी घर साफ करायचं म्हणून तिने दोन दिवस खोलीचा ठाव सोडला नाही. सारवणं, झटकणं, शिळं ते बाहेर टाकणं. आमच्याकडे नवं धान खाण्याआधी घरात जुनं, सडकं, वाईट काही ठेवत नाहीत. आणि काल परत आलो तेव्हा सासरे खोलीतच बसून होते.

लग्नानंतर तिसऱ्याच आठवड्यात तिने कंदील पुसताना शिशी काढली होती. "हे कायचं होय जी?" मी जेवत होतो. खरं सांगायला त्याहून चांगली वेळ मिळाली नसती. निर्मलाबाईंचा चेहरा डोळ्यांसमोर आला, उदारामांची गाडी आली, आणि माझी न बिघडणारी जीभ म्हणाली, "केबिनच्या बॅटरीचं पाणी आहे. जहर आहे ते. हात लावू नको, पोटात गेलं तर काळीज बंद पडतं." शेवटचं तर डॉक्टरबाबूंचंच होतं, त्यामुळे मला ते फारसं खोटंही वाटलं नाही. ती शिशीकडे बघत राहिली. "मंग घरात कायले ठेवता?" मी म्हटलं, तिकडे जागा नाही. तिने शिशी जागेवर ठेवली, पदराला हात पुसले आणि त्यानंतर कधी विचारलं नाही. मला वाटलं, मिटलं.

सासरे आत आले. हातात पितळी वाटी. "जावईबापू, कालचं थकणं दिसते तुमचं. घ्या, पेज घ्या. नव्याचीच होय, गूळ टाकला धुरपतानं." मागे ती उभी होती, पदर तोंडाला. मला उठून बसता येत नव्हतं. मी कूस बदलल्यासारखं करून मान तेवढी उचलली. मानेत अजून जीव होता. वाटी ओठांशी आली. गरम, दाट, गोड. आता हे लिहिताना वाटतं, त्या एका क्षणात माझ्यासमोर दोन वस्तू होत्या. एक चार हातांवर, जिला मी जहर म्हणून ठेवलं होतं. दुसरी ओठांपाशी, जी माझ्यासाठी खरोखर जहर होती आणि जिच्यात माझ्या बायकोने आपल्या हाताने गूळ फोडून घातला होता. मी पेज प्यालो. सगळी. वाटी चाटून. कारण नको म्हणालो असतो तर काऊन, का नको, म्हणून विचारलं असतं, आणि त्या काऊनचं उत्तर माझ्याकडे एकच होतं.

"चाला मंग," उदाराम म्हणाले. "ऊन वर आलं. थो दांडा ओढून दाखवा, मंग मी गाडी जुंपतो."

"पायाला मुंग्या आल्यात, मामाजी. जरा बसू द्या."

"मुंग्या चालल्यानं जातेत जी." आणि त्यांनी वाकून माझ्या दोन्ही काखांत हात घातले. साठीचा माणूस, पण हात लोखंडी. मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी मला उभं केलं, उभं म्हणजे त्यांच्या छातीवर टेकवलं, आणि पाय खाली नुसते लोंबले. त्यांनी हात सैल केला. मी पडलो. पोतं पडावं तसा, आवाजही तसाच झाला. गाल जमिनीला लागला. ओल्या सारवणाचा वास आला. मला ते दोघं दिसत नव्हते, फक्त त्यांची अनवाणी चार पावलं दिसत होती. बाहेर शंटिंगचं इंजिन फुसफुसत होतं. मला वाटलं, आता ही दोन पावलं त्या दोन पावलांना म्हणतील, चाल घरी.

त्यांनी मला उचलून पुन्हा गादीवर घातलं. उदाराम भिंतीला टेकून खाली बसले. "किती दिवसापासून होय हे?" असं त्यांनी विचारलं, मला नाही, धुरपताला. ती म्हणाली, "मले नाही मालूम, बाबा." खरंच तिला मालूम नव्हतं. मी छताकडे बघत होतो आणि पेज आपलं काम करत होती. हात गेले. आधी डावा, मग उजवा. मग एक नवी गोष्ट झाली, जी याआधी कधी झाली नव्हती: श्वास आखूड झाला. आत घेतोय तो पुरेना. छाती वर उचलायचा हुकूमही आता कुणी ऐकत नव्हतं. मी घाबरलो. मरणाला घाबरलो, हे सरळ सांगतो. त्याआधीची सगळी भीती, उदारामांची, गाडीची, नोकरीची, कुठल्या कुठे गेली.

"धुरपता," मी म्हणालो, "फळीवरची शिशी दे."

ती हलली नाही.

"कायची शिशी?" उदाराम म्हणाले.

"थे जहर होय, बाबा," ती म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की इंजिनाच्या आवाजात मी तो नुसता ओळखला. "यायनंच सांगतलं मले. काळीज बंद पडते म्हणून."

उदाराम उठले आणि माझ्या आणि फळीच्या मध्ये उभे राहिले. "पागल झाले काय जी? पाय गेले म्हणून जीव देता का?" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. या माणसाला रुसताना पाहिलं होतं, रडताना पहिल्यांदा पाहत होतो, आणि तेही माझ्या खोट्यावर विश्वास ठेवून. मग मी सांगितलं. एका श्वासात दोन शब्द, कधी तीन. जहर नाही. औषध आहे. एकोणीस वर्षांचा असल्यापासून. गोड भातानं होतं. डॉक्टरबाबू. पोटॅशियम. लग्नाआधीपासून. उदाराम ऐकत होते आणि शेवटी त्यांनी एकच विचारलं.

"खळ्यावर पोतं उचललं, तवा?"

"औषध घेऊन उचललं."

ते बाजूला झाले. फळी मला पुन्हा दिसायला लागली.

धुरपताने शिशी काढली. मी चार बोटं भरून ओत म्हणालो, तिने वाटीत ओतलं, माझं डोकं मांडीवर घेतलं. मी डोळे मिटून जीभ तयार ठेवली, खारट आणि खारटामागून कडू. प्यालो. पाणी होतं. साधं, नळाचं, थोडं शिळं पाणी. मला वाटलं माझी जीभही गेली. मी पुन्हा एक घोट घेतला. पाणी.

मी वर बघितलं तर ती माझ्याकडे बघत नव्हती. "म्या ओतून देल्लं," ती म्हणाली. "नव्याच्या आंधी घर साफ केलं तवा. नव्याच्या दिवशी घरात जहर नोको म्हणून. न् तुमाले समजू नाही म्हणून पाणी भरून ठेवलं." मग एकदम तिचा बांध फुटला. "तुमी भात खात नव्हते. माह्या हातचं गोड खात नव्हते. जेवले का अंगणात फेऱ्या मारत होते, बसा म्हटलं तरी बसत नव्हते. न् घरात जहर ठेवलं होतं. म्या काय समजाव जी? मले वाटलं, मी पसंत नाही तुमाले. मले वाटलं, एक दिवस हा माणूस शिशी तोंडाले लावंल. लावंल त लावंल, पाणी पेईल, म्हटलं. जित्ता राहील."

सहा महिने. रोज संध्याकाळी मी अंगणात फेऱ्या मारत होतो आणि मला वाटत होतं की ती भांडी घासते आहे. ती मोजत होती. मी किती घास खाल्ले, किती फेऱ्या मारल्या, फळीकडे किती वेळा बघितलं. माझ्याएवढीच अस्वस्थ, माझ्यापासून आठ हातांवर, आणि दोघांच्या मध्ये एक शिशी, तीत आधी औषध आणि मग पाणी. मला तिचा हात धरायचा होता. हात नव्हता.

तिने माझं डोकं मांडीवरून उतरवून उशीवर ठेवलं, शिशी पदरात घेतली, चिठ्ठी बाहेर येईल अशी, आणि विचारलं, "कोठी बसते थो डॉक्टर?" मी सांगितलं: रूळ ओलांडून, बाजारामागे, बिडीच्या कारखान्याच्या पुढे. गोंदियात ती एकटी नळापलीकडे कधी गेली नव्हती. उदाराम म्हणाले मी जातो, तर ती म्हणाली, "तुमी याइले धरा, बाबा. तुमच्यात ताकद हाये." आणि गेली. तिच्या पायातल्या जोडव्यांचा आवाज फाटकापर्यंत ऐकू आला, मग फलाटावरच्या गर्दीत तो हरवला.

उदारामांनी मला कुशीवर वळवलं, मागून छातीला हात घालून थोडं वर धरलं. त्याने श्वास जरा मोकळा झाला. ते कुणाचंही असंच करतील, आजारी बैलाचंही, असं मी स्वतःला सांगितलं, जास्त आशा नको म्हणून. बराच वेळ आम्ही तसे होतो. त्यांच्या धोतराला कालच्या तणसीचा वास होता. "निरमलाच्या नवऱ्यानं बी असंच केलं," ते माझ्या पाठीशी म्हणाले. "पण थो सांगतच नव्हता. पडला, न् उठला का हसे. शेवटपर्यंत हसे." मी श्वास मोजत होतो. मला केबिन आठवत होती. एखाद्या दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, मेल यायच्या वेळी, हात दांड्यावर आणि दांडा हलत नाही, असं झालं असतं तर? हा विचार मी दोन वर्षं दाराबाहेर उभा करून ठेवला होता. तो आता आत येऊन बसला होता आणि त्याला घालवायला माझ्याकडे काही नव्हतं.

जोडवी परत आली. ती धावत आली होती, केस सुटलेले, पदरात दोन पुड्या. डॉक्टरबाबू टांगा मिळाला की येतातच म्हणाले, तोवर एक पुडी आता द्यायची, दुसरी ते आल्यावर. "म्या त्यायले सगळं सांगतलं. पेज पाजली थे बी. लय रागावले मह्यावर. मंग तुमच्यावर त्याहून जास्त." तिने पुडी उघडली, पांढरे खडे वाटीतल्या पाण्यात टाकले, बोटाने ढवळले. मग माझ्या तोंडाशी आणण्याआधी थांबली, बोट आपल्या जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. "खारट होय," ती म्हणाली. "कडू बी." मगच मला पाजलं. मी सांगितलेल्या कुठल्याच गोष्टीवर ती आता चव घेतल्याशिवाय विश्वास ठेवणार नव्हती, आणि मला त्याचा राग आला नाही.

उदाराम उठले. "मी गाडी जुंपतो." त्यांनी मुलीकडे बघितलं. ती माझ्या पायांशी बसली होती.

"तुमी जा, बाबा," ती म्हणाली. "मले याइले लय काही इचाराचं हाये."

ते दारात थांबले. मग मला म्हणाले, "तुह्या केबिनवाल्याले काय सांगू?" 'जी' गेलं होतं, 'जावईबापू'ही गेलं होतं. मी म्हटलं, खरं सांगा. "खरं तू सांगशील," ते म्हणाले, "उभा झाल्यावर. तुह्या तोंडानं. आज मी ताप सांगतो." आणि तो माणूस, ज्याने एका लपवलेल्या गोष्टीपायी मुलीचा संसार उचलून घरी आणला होता, माझ्यासाठी खोटं बोलायला स्टेशनकडे निघून गेला.

धुरपताने माझ्या उजव्या तळपायाखाली हात घातला. "डॉक्टरबाबूनं सांगतलं, आंधी बोट हालंल. कोन्तंई एक. हालते का?"

मी होतं नव्हतं ते सगळं लक्ष त्या पायात नेऊन ठेवलं. मला हो म्हणायचं होतं. हो, बरं आहे, काही नाही, आलोच; या बाईला मी आजवर दुसरं काही सांगितलंच नव्हतं. तिचे डोळे लाल होते.

"नाही," मी म्हणालो.

तिने मान हलवली. उन्हाची पट्टी भिंतीवरून जमिनीवर उतरली. बाजूच्या खोलीत कुणीतरी फोडणी घातली. छाती थोडी हलकी झाल्यासारखी वाटत होती, पण ती इच्छाही असेल. "आता?"

"नाही."

एक मालगाडी गेली. फळीवरचा कंदील किणकिणला, त्याच्या मागची जागा रिकामी होती. टांग्याचा आवाज आला आणि पुढे निघून गेला, दुसऱ्याच कुणाचा. मला झोप येत होती आणि झोपायची भीती वाटत होती. "आता?" तिने विचारलं. मी पुन्हा पायात गेलो, अंगठ्यापर्यंत, नखापर्यंत, आणि तिथे कुणीच नव्हतं.

"नाही," मी म्हणालो.

"अंगठा हालला," ती म्हणाली.

"नाही गं, मला तर काहीच—"

"तुमाले काय समजते? माहा हात हाये तठी. हालला."

तिला मी पहिल्यांदाच सगळं खरं सांगायला लागलो होतो, आणि ते चुकीचं निघालं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. तिने हात काढला नाही.